कोविड-१९ साथीतील सर्वसामान्यांच्या आरोग्यचिंता (अहमदनगर जिल्हा)

कोविड-१९ साथीच्या काळात (२०२० ते २०२२) अहमदनगर (सध्याचे नाव अहिल्यानगर) जिल्ह्यातील सर्वसामान्य कुटुंबांना आरोग्यविषयक अनेक शंकांना सामोरे जावे लागले. ताप साधा आहे की कोरोनाचा, चाचणी केव्हा करावी, घरीच थांबावे की रुग्णालय गाठावे, लस कधी घ्यावी, हे त्यांतील प्रमुख प्रश्न होत. आजार नवा असल्याने वैद्यकीय सूचना वेळोवेळी बदलत गेल्या. कोपरगावसारख्या तालुक्यांत मोठ्या रुग्णालयांपासूनच्या अंतराचीही त्यात भर पडली. त्यामुळे या चिंतांचे कारण केवळ अज्ञान वा अफवा एवढेच मानता येत नाही.

पार्श्वभूमी

कोपरगाव हे गोदावरीकाठचे तालुक्याचे ठिकाण जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, दौंड–मनमाड लोहमार्गावर आहे. जिल्ह्याचे मुख्यालय येथून सुमारे १०० किलोमीटरवर, तर शिर्डी सुमारे १५ किलोमीटरवर आहे. गंभीर रुग्णासाठी लोणी, नगर, नाशिक किंवा औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील मोठ्या रुग्णालयांचा विचार करावा लागे.

महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्यानंतर राज्यात साथरोग अधिनियम, १८९७ लागू करण्यात आला. हा कायदा मुळात मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीमुळे अस्तित्वात आला होता. १७ मार्च २०२० रोजी शिर्डीचे साईबाबा मंदिर दर्शनासाठी बंद झाले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. मंदिर १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडले, दुसऱ्या लाटेत ५ एप्रिल २०२१ रोजी पुन्हा बंद झाले आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा खुले झाले. शिर्डीच्या यात्रेवर हॉटेल, फुले, प्रसाद व वाहतूक हे व्यवसाय अवलंबून असल्याने परिसरात आजाराची भीती आणि रोजगाराची काळजी एकमेकींत मिसळल्या. चाचणी होकारार्थी आल्यास कामाचे दिवस बुडणार, हे हातावर पोट असणाऱ्यांच्या मनात असे.

चाचणी व विलगीकरण

आरटी-पीसीआर चाचणी संसर्गानंतर फार लवकर किंवा फार उशिरा केल्यास, तसेच नमुना नीट न घेतल्यास, बाधित व्यक्तीचाही अहवाल नकारार्थी येऊ शकतो. जलद प्रतिजन चाचणीचा निकाल काही मिनिटांत मिळे; परंतु लक्षणे असूनही तो नकारार्थी आल्यास आरटी-पीसीआरने खात्री करण्याची सूचना होती. ‘अहवाल नकारार्थी, मग ताप कशाचा?’ ही शंका त्यामुळे रास्त होती.

रुग्णाला घरी सोडण्याचे नियमही बदलले. आरंभी सलग दोन नकारार्थी चाचण्या आवश्यक होत्या. मे २०२० मधील केंद्रीय धोरणानुसार सौम्य रुग्णास लक्षणे सुरू झाल्यानंतर १० दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसल्यास, चाचणीविना सोडण्यात येऊ लागले. वैद्यकीयदृष्ट्या यास आधार होता, कारण चाचणीत विषाणूचे अवशेष दिसत राहिले तरी संसर्गक्षमता ओसरलेली असते. मात्र कालपर्यंत आवश्यक मानलेली चाचणी आज नको कशी, हा प्रश्न कुटुंबीयांना व शेजाऱ्यांना पडे. जानेवारी २०२२ मध्ये सौम्य रुग्णांच्या गृहविलगीकरणाचा कालावधी सात दिवसांवर आला.

घरगुती मोजमापे

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या काळात अनेक घरांत आला. रक्तातील प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांखाली गेल्यास डॉक्टरांशी संपर्क साधण्यास सांगितले जाई. सहा मिनिटे चालून झाल्यावर पातळी तीन टक्क्यांनी किंवा अधिक घसरल्यास तेही धोक्याचे लक्षण मानले जाई. थंड बोटे, नखांवरील रंग व हालचाल यांमुळे उपकरणाचा आकडा चुकू शकतो. सावळ्या वा काळ्या त्वचेवर ते पातळी प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकते, असेही आढळून आले आहे.

छातीच्या सीटी स्कॅनमधील २५ पैकी ‘स्कोअर’ हा घरोघरी चर्चेचा विषय झाला. सौम्य आजारात असा स्कॅन करू नये, असा इशारा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये दिला. केवळ स्कोअरवरून रुग्णाची स्थिती ठरत नाही. श्वसनाचा वेग, प्राणवायूची पातळी व सहव्याधी यांचाही विचार आवश्यक असतो.

औषधे व रुग्णालये

एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत राज्यात दिवसाला ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळू लागले. रेमडेसिवीर इंजेक्शनसाठी नातेवाइकांना गावोगाव फिरावे लागले. ११ एप्रिल रोजी केंद्र सरकारने त्याची निर्यात थांबवली. वास्तविक नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील रुग्णांसाठी त्याची शिफारस केली नव्हती. परंतु चिठ्ठी हाती असलेल्या नातेवाइकाला हा वाद सोडवणे शक्य नव्हते. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडचा लाभ प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना होतो, हे जून २०२० मध्ये दिसून आले होते. ते अनावश्यक वा अतिरिक्त प्रमाणात दिल्यास मधुमेहींना म्युकरमायकोसिसचा धोका वाढतो. मे २०२१ मध्ये या बुरशीजन्य आजाराने नवी धास्ती निर्माण केली.

रुग्णालयात दाखल होण्याचीही भीती होती. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतील गळतीनंतर पुरवठा खंडित होऊन किमान २२ रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत किमान ११ रुग्णांचा मृत्यू झाला.

खर्चाबाबत राज्य शासनाने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले. साध्या विलगीकरणासाठी ४,०००, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये, असे हे कमाल दैनंदिन दर होते.

मुलांविषयीची चिंता

मे २०२१ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात ८,००० हून अधिक मुले व किशोरवयीन बाधित झाल्याच्या वृत्ताने पालक धास्तावले आणि तिसरी लाट मुलांवर येणार, असा समज पसरला. हे प्रमाण जिल्ह्यातील त्या महिन्याच्या एकूण रुग्णांच्या सुमारे दहा टक्के होते आणि बहुतेक मुलांना लक्षणे नव्हती. एकूण रुग्णसंख्याच मोठी असल्याने मुलांची संख्याही मोठी दिसली. तिसरी लाट प्रामुख्याने मुलांना ग्रासेल असे मानण्यास आधार नाही, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच महिन्यात स्पष्ट केले.

लसीकरण

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील व्यक्तींना, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना आणि १ मेपासून १८ वर्षांवरील नागरिकांना ते खुले झाले. कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर आरंभी चार ते सहा आठवडे होते. ते मार्चमध्ये सहा ते आठ आणि मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. लसटंचाईच्या दिवसांतच अंतर वाढल्याने हा निर्णय शास्त्रीय की सोयीचा, अशी शंका घेतली गेली. लसीनंतरच्या तापाची भीती आणि ऑनलाइन नोंदणीची अडचण हेही ग्रामीण भागातील प्रश्न होते.

स्थानिक प्रतिसाद व उत्तरकाळ

सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशा सेविका व स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी तपासली. नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली नियमित गृहसर्वेक्षण करून लक्षणे असणाऱ्यांना लवकर वेगळे करण्यावर भर दिला. मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झाले.

राज्यात अन्यत्र निर्बंध शिथिल होत असताना जिल्ह्यातील ६१ गावांत ४ ते १३ ऑक्टोबर २०२१ या काळात पुन्हा टाळेबंदी लागू झाली. त्याच ४ ऑक्टोबरला राज्यातील शाळा उघडल्या आणि तीन दिवसांनी मंदिरे खुली झाली. एकाच जिल्ह्यात एकीकडे दर्शनाची रांग आणि दुसरीकडे बंद गाव असे चित्र निर्माण झाल्याने, साथ संपली की नाही, हा प्रश्न या भागात काही काळ कायम राहिला.

हे सुद्धा पहा
कोपरगाव
शिर्डी
हिवरे बाजार
साथरोग अधिनियम, १८९७