घंटी, दिवा आणि बिल्ला

आमच्या तात्यांच्या (म्हणजे आजोबांच्या, इथे नव्याने येणाऱ्यांसाठी सांगतो) कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात सुटे स्क्रू, कुलपं हरवलेल्या किल्ल्या आणि सात-आठ बिल्ले. काही पितळी, काही ॲल्युमिनियमचे. नगरपालिकेत सायकलचा कर भरला की बिल्ला मिळायचा आणि तो सायकलला तारेने बांधायचा. गेल्या महिन्यात चुलतभावाने या बिल्ल्यांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच भाचीचा प्रश्न आला, "सायकलला टॅक्स? कशाबद्दल?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधता शोधता मी नगरहून निघून थेट जर्मनीत जाऊन पोचलो. (शहराचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे. पण या लेखातला बराचसा काळ जुना, आणि घरात बोलताना आम्ही सगळे 'नगर'च म्हणतो, म्हणून तसंच लिहितोय.)

१२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन ड्राइस नावाचा एक जर्मन सरदार मानहाइम शहरातून एका लाकडी दुचाकीवर बसून निघाला. तिला पेडल नव्हते. दोन चाकं, मध्ये बैठक, आणि जमिनीवर पाय मारत पुढे जायचं. तेव्हाचे रस्ते घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी इतके उखडलेले असायचे की त्यावर या दुचाकीचा तोल सांभाळणं कठीण. मग हौशी मंडळी सरळ फुटपाथवर चढली, कारण गुळगुळीत जागा तेवढीच. आणि पायी चालणाऱ्यांनी आरडाओरडा केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे सहाएक महिन्यांत, मानहाइमने फुटपाथवर दुचाकीला बंदी घातली. १८१८ ला मिलान, १८१९ ला लंडन आणि न्यूयॉर्क, आणि १८२० मध्ये चक्क आपलं कलकत्ता! पेडलची सायकल जन्मायला अजून चाळीसेक वर्षं होती, पण सायकलवाला आणि चालणारा यांचं भांडण हिंदुस्थानात येऊन पोचलंसुद्धा होतं.

या भांडणाला दोनशे वर्षं उलटली तरी त्याचं कारण तेच राहिलं, याची मला गंमत वाटते. सायकलवाला फुटपाथवर मस्ती म्हणून क्वचित चढतो. रस्ता त्याला ठेवून घेत नाही म्हणून चढतो.

इंग्रजांनी यावर जो तोडगा काढला तो एका अर्थी सौदा होता. १८३५ च्या त्यांच्या हायवे ॲक्टने रस्त्याकडेच्या फुटपाथवरून वाहन हाकायला मनाई केलेलीच होती. मग प्रश्न आला की सायकल हे वाहन की नुसतं खेळणं? १८७९ मध्ये एका खटल्यात, भन्नाट वेगाने सायकल हाकणाऱ्या माणसाला शिक्षा करता येते का हे ठरवताना, न्यायालयाने सांगितलं की सायकल ही गाडीच आहे. १८८८ च्या कायद्याने ते पक्कं केलं आणि सोबत दोन अटी घातल्या. अंधारात दिवा लावायचा, आणि कुणाला मागून ओलांडताना घंटी वाजवायची. थोडक्यात, फुटपाथ सोड, रस्ता तुझा. मात्र तू येतोयस हे लोकांना दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे.

हाच सौदा आपल्याकडे आला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात (आता तो महाराष्ट्र पोलीस कायदा) फुटपाथवरून वाहन नेण्याला मनाई आहे, आणि अपवाद आहे तो फक्त लहान मुलांच्या ढकलगाडीचा. दिव्याचा नियम होता. नगरपालिकांना वाहनांवर कर बसवायचा अधिकार होता, आणि त्या कराची पावती म्हणजे आमच्या डब्यातला बिल्ला. तेव्हा भाचे, टॅक्स कशाबद्दल, तर रस्त्यावर हक्काने चालवण्याबद्दल. निदान मी तरी त्याचा अर्थ असा लावतो.

तात्या कापडबाजारातल्या एका पेढीवर दिवाणजी होते. घर माळीवाड्यात. सायकल हर्क्युलस, भिंगार कॅम्पातल्या एका गोऱ्या सैनिकाकडून जुनी घेतलेली. (किती रुपयांना, यावर आमच्याकडे दोन तट आहेत, त्यात मी पडत नाही.) दिव्याबद्दल ते एक किस्सा नेहमी सांगायचे. रॉकेलचा दिवा खड्ड्यात सायकल आदळली की विझायचा. मग पोलिसाने अडवलं की सगळे सांगायचे, "आत्ताच विझला हो हवालदारसाहेब." हवालदार काही न बोलता दिव्याच्या टोपणाला बोट लावून बघायचा. गरम असलं तर जा. गार असलं तर चाकातली हवा सोडून द्यायचा!

पण घंटी आणि दिव्यापेक्षा तात्यांचा स्वतःचा एक नियम होता आणि तो कुठल्याही कायद्यात नव्हता. बाजारात सायकल चालवायची नाही, न्यायची. माळीवाडा वेशीपासून सायकलवर यायचे आणि कापडबाजाराची गर्दी सुरू झाली की उतरायचे. पायजम्याची क्लिप काढायची, सायकलच्या डाव्या बाजूने चालायचं, एक हात हँडलवर, एक सीटवर. सायकल सोबत असली की माणूस बाजारात दोन माणसांची जागा अडवतो, म्हणून त्याने एका माणसाइतकंच सावकाश चालावं, असं त्यांचं म्हणणं. काही जण न उतरता एका पेडलवर उभे राहून तरंगत जायचे. तात्यांना ते अजिबात पसंत नव्हतं. "उतरायचं तर उतरा, नाहीतर बसा."

हे एकट्या तात्यांचं वैशिष्ट्य नव्हतं. त्या काळातल्या कुठल्याही गावच्या पेठेत हेच दिसायचं. कारण तिथे सगळ्यांचा वेग सारखाच असायचा. चालणारा ताशी चार-पाच किलोमीटर, हातगाडीवाला हमाल तितकाच, सायकलवाला फार तर आठ-दहा. हमाल ओरडणार "बाजू, बाजू!" आणि सायकलवाला घंटी वाजवणार. वारीत पुढच्याला सरकायला सांगताना नुसतं "माउली" म्हणतात, तसंच काहीसं. त्यात हुकूम नसायचा, 'मी मागे आहे' एवढंच कळवायचं असायचं. पेठेत फुटपाथ नव्हता, आखलेला पट्टा नव्हता, तरी निभायचं. अपघात होत नसत असं नाही. धोतराला वंगण लागायचं, कोपर लागायचं, क्वचित शिवीगाळ व्हायची. पण वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. ताशी आठवर लागलेला धक्का आणि सोळावरचा धक्का यात शर्ट मळणं आणि हाड मोडणं इतका फरक पडतो.

वेग बदलला तो कुणामुळे? उत्तर नगरकरांना आवडेल की नाही माहीत नाही. १९७२ साली कायनेटिकची लूना आली, आणि ती बनायची आपल्या नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात! तिच्यामागे होते हस्तीमल फिरोदिया, आणि फिरोदिया घराणं नगरचंच. (त्यांचे बंधू नवलमल फिरोदिया यांनी १९४९ च्या सुमारास माणसाने माणसाला ओढायची रिक्षा जावी म्हणून ऑटोरिक्षाची कल्पना मोरारजी देसाईंपुढे मांडली होती. म्हणजे आपल्या रस्त्यांवर जे काही फटफटतं त्यात नगरचा हात मोठा आहे.) लूनाला पेडल होते, दिसायला ती सायकलची धाकटी बहीणच. शिक्षक, कारकून, दूधवाले, बायका, सगळ्यांना तिने चढावर घाम न गाळता पुढे नेलं, आणि ते वाईट होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. आमच्याच घरात दोन होत्या. पण लूनावरून कुणी उतरून बाजार ओलांडला नाही. तिच्यामागून स्कूटरी, मोटारसायकली, मग मोटारी आल्या. सायकलवाल्याला दिलेला रस्ता हळूहळू काढून घेतला गेला. सौदा मोडल्याचं मात्र कुणी जाहीर केलं नाही.

आता सावेडीतली गोष्ट. माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रोज संध्याकाळी देवळात चालत जायची. मागच्या वर्षी फुटपाथवर मागून एक मुलगा सायकलवर आला. त्याच्या सायकलला घंटी नव्हती. हल्ली गिअरच्या सायकली बऱ्याचदा घंटीशिवायच येतात, घंटी लावली तर मुलांना लाज वाटते म्हणे. आत्याला तो येतोय हे कळलंच नाही. ती डावीकडे सरकली, तोही डावीकडे वळला. मनगट मोडलं. मनगट दीड महिन्यात जुळलं, पण आत्या त्यानंतर एकटी बाहेर पडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा आईला घेऊन घरी आला. अकरा वर्षांचा. रडवेला झाला होता. आत्याने त्याला चिवडा दिला आणि विचारलं, "बाळा, रस्ता सोडून तू फुटपाथवर का चालवतोस?" तो म्हणाला, "आजी, रस्त्यावर चालवायला आईच नाही म्हणते." आई काही बोलली नाही. काय बोलणार? बाहेरून ट्रक जातात. मीही माझ्या मुलाला तेच सांगितलं असतं.

इंग्लंडमध्ये १९९९ साली अगदी याच पेचावर सरकारला बोलावं लागलं होतं. फुटपाथवर सायकल चालवणाऱ्याला जागच्या जागी दंड करायची सोय झाली, तेव्हा तिथले मंत्री पॉल बोटेंग यांनी पोलिसांना कळवलं की वाहनांच्या भीतीने फुटपाथवर येणाऱ्या आणि चालणाऱ्यांची काळजी घेणाऱ्या माणसासाठी हा दंड नाही. जपानने तर नियमच केला. तेरा वर्षांखालची मुलं आणि सत्तरीपुढची माणसं फुटपाथवर सायकल चालवू शकतात, पण सावकाश, रस्त्याकडच्या कडेने, आणि चालणाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचं. चालणाऱ्याला बाजूला सारायला घंटी वाजवायची नाही, हेही आलंच. म्हणजे तात्यांचाच नियम की, फक्त जपानीत! :-)

आपल्याकडे पुण्यात वेगळा प्रयोग झाला. २००६ साली सातारा रस्त्यावर बीआरटी सुरू झाली, त्यासोबत सायकल ट्रॅक झाले. बऱ्याच ठिकाणी ते फुटपाथला चिकटून, एकाच कट्ट्यावर, नुसता फरशीचा रंग वेगळा. मध्ये झाड, विजेचा डबा, बसथांबा. चालणारे ट्रॅकवर, सायकलवाले रस्त्यावर, आणि मोटारसायकलवाले मिळेल तिथे. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या गावात दोन दुबळ्यांना एका अरुंद कट्ट्यावर चढवून दिलं आणि उरलेला रुंद रस्ता दांडग्यांना ठेवला. मला हा मानहाइमचाच घोळ वाटतो, फक्त सरकारी खर्चाने केलेला.

कागदावर आपण मागे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच सायकल ट्रॅकसाठी मानकं छापली होती. गर्दीच्या तासाला ४०० सायकली असतील, किंवा मोटारी ताशी २०० च्या वर असून सायकली १०० जरी असतील, तरी वेगळा ट्रॅक करा. त्याची रुंदी किमान दोन मीटर. फुटपाथसाठी त्यांचंच मानक आहे: चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात राज्यांना पादचारी आणि बिनइंजिनाच्या वाहनांसाठी नियम करायचा अधिकारही आला आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मागच्या रविवारी मी मोजपट्टी घेऊन आत्याच्या घरापासून देवळापर्यंत गेलो. फुटपाथ सलग असा नाहीच. जिथे आहे तिथे कंपाउंडपासून कडेपर्यंत १.६ मीटर भरला. गुलमोहराच्या बुंध्यापाशी उरले ७० सेंटिमीटर. एका दुकानाच्या पायऱ्यांपाशी काहीच नाही, तिथे खाली उतरून रस्त्यानेच जावं लागतं. मी वाकून मोजत होतो तर रसवंतीवाल्याने घाबरून विचारलं, "साहेब, अतिक्रमणवाले का?" म्हटलं, नाही, आत्याचा भाचा. त्याने मग पट्टीचं दुसरं टोक धरलं.

आकडे, फोटो आणि नकाशा घेऊन आत्याच्या गल्लीतली आम्ही चार माणसं महापालिकेत अर्ज देणार आहोत. पायऱ्या आणि बुंधा एवढ्या दोनच गोष्टी त्यात लिहिल्या आहेत. अर्जावर पाचवी सही त्या मुलाच्या आईची आहे.