भाडे परत मिळण्याचा हक्क
श्रोतेहो, गाडी रद्द झाली किंवा तासन्‌तास रखडली, तर तिकिटाचे पैसे परत मिळतात का? आपल्याकडे पुष्कळांना वाटते, रेल्वेच्या खिडकीत गेलेला पैसा काही परत यायचा नाही. इतिहास मात्र निराळे सांगतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली उतारूंची गाडी गेली. पुढे रूळ वाढले, तशी तिसऱ्या वर्गाची गर्दीही वाढली. पैसे घेतले आणि डब्यात जागाच नसली, तर काय करायचे? १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ६७ व्या कलमात याचे उत्तर आहे. जागा न मिळालेल्या उतारूने गाडी सुटल्यावर तीन तासांच्या आत तिकीट परत केले, तर त्याचे भाडे लगेच परत द्यावे. खालच्या वर्गातून जावे लागले, तर भाड्यातला फरक द्यावा. म्हणजे इंग्रजी अमलातही ही कुणाची मेहेरबानी नव्हती. कायद्याने दिलेला हक्क होता, बरं का!

पण कायदा इंग्रजीत आणि उतारू बहुतेक निरक्षर. १९१७ साली गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. बावीस उतारूंच्या डब्यात एका रात्री बहुतेक वेळ पस्तीस माणसे होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. अशा रेटारेटीत तिकीट परत करायला खाली उतरणार कोण? आणि उतरलाच, तर पुढे जाणार कसा?

स्वातंत्र्यानंतर जुन्या कायद्याच्या जागी १९८९ चा कायदा आला. त्याच वर्षी रेल्वे दावा न्यायाधिकरण सुरू झाले; परताव्याचा दावा तिथे नेता येतो. २०१५ च्या नियमांनी आरक्षित तिकिटांचे असे ठरवले: गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि आपल्याला जायचे नसेल, तर पूर्ण भाडे मिळते; पण गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी तिकीट परत केले पाहिजे किंवा अर्ज नोंदवला पाहिजे. गाडी सुटली की हक्क गेला! पूर, अपघात अशा कारणांनी गाडीच रद्द झाली, तर खिडकीवरचे तिकीट ठरल्या दिवसापासून तीन दिवसांत परत करायचे.

सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. अजमेरहून जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोचल्यामुळे एका कुटुंबाचे विमान चुकले होते. उशिराचे समाधानकारक कारण रेल्वेला देता आले नाही, म्हणून ३०,००० रुपयांची भरपाई कायम झाली.

या साऱ्या हकीकतीत एक गोष्ट १८९० पासून तशीच आहे. हक्क आहे, पण त्याला मुदत आहे. ती ज्याला ठाऊक नाही, त्याचे पैसे बुडतात. शिक्षकबंधुभगिनींनी नागरिकशास्त्राच्या तासाला एखादे तिकीट मुलांच्या हाती द्यावे आणि हा नियम समजावून सांगावा. मुले तो घरी जाऊन आईवडिलांना सांगतील.