टोकं जोडलेली गाठ

परकराच्या नाडीला सुरगाठ, पोत्याच्या तोंडाला निरगाठ, एवढं आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं. गणितज्ञाच्या लेखी मात्र या दोन्ही गाठी नव्हेतच. टोकं मोकळी आहेत तोवर चिकाटीने कुठलीही गाठ उकलता येते, मग तिचं कौतुक कसलं? तो आधी दोन्ही टोकं सांधतो आणि मग विचारतो, आता न कापता सुटते का? एक साधी अढी घालून टोकं जोडली, तर ती काही केल्या सुटत नाही. सुरगाठीची जोडली तर ती तरीही सुटते!

दोर वापरणाऱ्या अभियंत्याला गाठ म्हणजे दुबळी जागा. तिथे दोर मुडपतो आणि ताण पडला की बहुधा तिथेच तुटतो. खलाशाने मात्र तिलाच माप बनवलं. दोराला लाकडी फळकूट बांधून ते जहाजामागे पाण्यात टाकायचं. फळकूट जवळपास जागीच राही, जहाज पुढे जाई आणि दोर सुटत जाई. दोराला दर 47 फूट 3 इंचांवर गाठ. 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईतो बोटांतून जितक्या गाठी सरकल्या, तितके नॉट वेग. 28 सेकंद हा तासाचा जेवढा हिस्सा, जवळपास तेवढाच 47 फूट 3 इंच हा सागरी मैलाचा. तेव्हा ‘ताशी अमुक नॉट’ म्हणू नये. नॉटमध्ये तास आलाच.

गणितात गाठ शिरली ती कारागिराच्या हातातून. 1771 मध्ये फ्रान्सच्या वान्डरमाँदने लिहिलं, की वेणी, जाळं वा गाठ करणाऱ्याला मापाशी कर्तव्य नसतं; धागा कशावरून, कशाखालून जातो तेवढंच तो बघतो. पण या विषयाला खरा जोर चढला एका फसलेल्या कल्पनेने. 1867 मध्ये एडिंबरात पीटर टेटने विल्यम थॉमसनला, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनला, धुराची कडी करून दाखवली. कडी एकमेकांवर आदळून थरथरत, पण मोडत नसत. थॉमसनला वाटलं, अणूही असेच असावेत: सगळा अवकाश व्यापतो असं तेव्हा मानलेल्या ईथरमधले गाठ पडलेले भोवरे, आणि प्रत्येक मूलद्रव्याची गाठ निराळी. मग टेट गाठींची यादी करायला बसला. पुढे ईथर गेला, तो अणूही गेला, यादी उरली.

ती यादी वाढवणाऱ्या अमेरिकन चार्ल्स लिटलने दहा छेदांच्या, म्हणजे धागा दहा ठिकाणी स्वतःवरून जाणाऱ्या, ज्या दोन गाठी वेगळ्या धरल्या, त्या एकच निघाल्या. 1974 मध्ये ते दाखवलं केनेथ पर्कोने. पेशाने वकील! तीन पिढ्यांच्या प्राध्यापकांच्या नजरेतून निसटलेली चूक वकिलाने पकडावी, हे मला फार आवडतं.

आता गंमत. टेबलावर रुमाल आडवा पसरा. दोन्ही टोकं धरा आणि ती न सोडता रुमालाला गाठ मारून दाखवा, अशी पैज लावा. कुणालाच जमत नाही, कारण हात, छाती आणि रुमाल मिळून एक बंद कडं होतं आणि त्यात गाठ मुळातच नसते. तुम्ही मात्र आधी हाताची घडी घाला, एक पंजा काखेत आणि दुसरा दंडावर. तशीच दोन्ही टोकं पकडा आणि हात सोडवा. घडीतली गाठ रुमालात उतरते.