तळटीप : चाल तीच, शब्द निराळे

‘कव्हर’ म्हणजे एकाचे गाजलेले गीत दुसऱ्याने पुन्हा ध्वनिमुद्रित करणे. येथे अभिप्रेत प्रकारात मात्र मूळ इटालियन चाल ठेवून शब्द स्थानिक भाषेत नव्याने लिहिले जात, आणि ते भाषांतर असेलच असे नसे. पीनो दोनाज्जो यांनी १९६५च्या सानरेमो गीतमहोत्सवात गायिलेल्या गीतातला प्रियकर तिच्यावाचून जगू शकत नाही, तर त्याच चालीवर डस्टी स्प्रिंगफील्ड यांनी १९६६मध्ये गायिलेल्या इंग्रजी गीतातली नायिका प्रेमाची कबुलीसुद्धा मागत नाही. नातेपुत्यास मुक्कामी येणाऱ्या ज्ञानेश्वर-पालखीच्या दिंड्यांत नेमके उलट असते, अभंग तोच आणि चाली अनेक. परंतु ‘संगीत सौभद्र’ (१८८२) व तत्सम नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या गीताचा निर्देश असे, तो याच जातीचा.