वॉक मिळवणारे फलंदाज (बेसबॉल)

बेसबॉलमध्ये होमप्लेटच्या वरचा, साधारणतः फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतचा काल्पनिक पट्टा म्हणजे ‘स्ट्राइक झोन’. पिचरने टाकलेले चार चेंडू या पट्ट्याबाहेरून गेले आणि फलंदाजाने त्यांवर बॅट फिरवली नाही, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. यास ‘वॉक’ म्हणतात. चारची संख्या १८८९ मध्ये ठरली, त्यापूर्वी ती अधिक होती. क्रिकेटमधील वाइडची धाव जशी संघाला मिळते पण फलंदाजाच्या धावांत धरली जात नाही, तसाच वॉकही फलंदाजीच्या सरासरीत धरला जात नाही. आणि खेळाडूची किंमत दीर्घकाळ सरासरीवरच ठरत आल्याने या कलेतील निष्णात फलंदाजांचे मोल त्यांच्या काळात कमीच लेखले गेले.

फिलाडेल्फिया फिलीजचा रॉय टॉमस नको असलेले चेंडू एकामागून एक फाउल करून (मैदानाच्या रेषेबाहेर टोलवून) पिचरला जेरीस आणी, कारण त्या वेळी असे फाउल स्ट्राइक म्हणून मोजत नसत (तीन स्ट्राइक झाल्यास फलंदाज बाद होतो). नॅशनल लीगने १९०१ मध्ये पहिले दोन फाउल स्ट्राइक ठरवले, तरीही टॉमस पुढे अनेक हंगाम वॉकमध्ये अग्रस्थानी राहिला. नजरेच्या अचूकपणामुळे ‘कॅमेरा आय’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मॅक्स बिशपने १९२९ मध्ये, सरासरी अवघी ०.२३२ असताना, १२८ वॉक मिळवले.

या प्रकाराचा खरा बहर १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. एडी स्टँकीने १९४५ मध्ये १४८, तर एडी जूस्टने १९४९ मध्ये १४९ वॉक मिळवले. बेब रूथ (१९२३ मध्ये १७०) किंवा टेड विल्यम्स (१९४७ व १९४९ मध्ये प्रत्येकी १६२) यांचे आकडे याहून मोठे असले, तरी त्यांच्या फटक्यांना भिऊनच पिचर चेंडू बाहेर टाकीत. वॉशिंग्टन सेनेटर्सच्या एडी योस्टला भिण्यासारखे फारसे काही नव्हते, त्यामुळे त्याचे यश निव्वळ पारखेचे मानावे लागते. १९५६ मध्ये त्याची सरासरी ०.२३१ होती, पण १५१ वॉकमुळे शंभरातील सुमारे ४१ पाळ्यांत तो बेसवर पोहोचला.

बेस गाठण्याचे हे प्रमाण अधिकृत आकडेवारीत १९८४ मध्ये दाखल झाले. योस्ट १९६२ मध्येच निवृत्त झाला होता. तेव्हा त्याच्या नावावर १,६१४ वॉक होते आणि रूथ, विल्यम्स व मेल ऑट हे तिघेच त्याच्या पुढे होते.