साखऱ्यातला ‘ऱ्य’

हिंगोली जिल्ह्यातल्या साखरा गावाचे नाव लिहिताना कोणी अडत नाही. पण ‘साखऱ्याला जातो’ असे संगणकावर उमटवू गेले, की गाठ पडते त्या अर्ध्या ‘र’शी. ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला. शिक्षकांना हे सांगायला नकोच. हिंदीचे या ‘र’वाचून अडत नाही, तेव्हा त्याची काळजी आपणच वाहायची.

१९९६ च्या युनिकोडात हे अक्षर ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे लिहीत. पुढे भारतीय मानकाला धरून टिंबाचा ‘र’ घेऊन पाय मोडण्याची रीत आली, जुनीही राहिली. डोळ्यांना दोन्ही सारखीच, यंत्राला मात्र निराळी! दाखल्यावरचे नाव एका रीतीने लिहिले आणि दुसरीने शोधले, तर ते हाती लागेलच असे नाही.

अक्षर दिसते कसे, हे फाँट ठरवतो. फाँटच्याही मुळाशी आकृत्या आणि नियम असतात: अमुक चिन्हांमागून अमुक आले तर अशी आकृती काढ. हे झाले मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोड. त्यावरून यंत्राला चालेल अशी फाइल घडवणे म्हणजे कंपाइल करणे. बहुतेक कंपन्या घडवलेली वस्तू देतात, मूळ दडवतात. मूळही लोकांच्या हाती असावे, असा आग्रह अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली धरला. त्याच वाटेने २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट खुले केले.

आता दुरुस्ती. चार ओळी बदलल्या म्हणून सारे बाड कशाला पाठवायचे? गेलेल्या आणि आलेल्या ओळी तेवढ्या पाठवाव्यात. त्या जागच्या जागी बसवणारा ‘पॅच’ नावाचा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला. पॅच म्हणजे ठिगळ. पूर्वी छिद्रांच्या कागदी पट्टीवर चूक झाली, की खरोखरच तेवढ्यावर कागद चिकटवीत!

मूळ उतरवून घ्यावे, ठिगळ लावावे, ‘मेक’ ही आज्ञा द्यावी आणि तयार झालेली फाइल फाँटच्या कप्प्यात ठेवावी. पहिल्या खेपेला बहुधा एखादे साधन कमी पडते आणि यंत्र इंग्रजीत पानभर कुरकुरते. घाबरू नये, सर्वांत वरची चूक आधी वाचावी, खालच्या पुष्कळशा तिचीच पिलावळ असते. जमले, की ठिगळ फाँट सांभाळणाऱ्यांकडे पाठवावे. सोबत ‘साखऱ्याला’ हा शब्द दोन्ही रीतींनी लिहून आणि पडद्याचे चित्र जोडून द्यावे, म्हणजे मराठी न जाणणाऱ्यालाही काय बिघडले होते ते दिसेल.