बारा एकरातला लेकीचा वाटा

गटाच्या बैठकीत कर्जासाठी सातबारा मागितला, की बहुतेकींच्या हातात नवऱ्याचा नाहीतर सासऱ्याचा उतारा असतो. माहेरच्या उताऱ्यावर फक्त भाऊ. हे असं का, ते आज बघू.

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. बौद्ध, जैन, शिखांनाही तोच लागू. त्याच्या आधीचं हिंदू कोड बिल रखडलं, म्हणून बाबासाहेबांनी १९५१ ला मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याची कारणं आणखीही होती, पण हे मोठं. कायद्यानं लेकीला वाटा दिला, पण कसा? समजा बाप, एक मुलगा, एक मुलगी. आई हयात नाही. वडिलोपार्जित जमीन बारा एकर. मुलगा जन्मतःच हिस्सेदार, म्हणून सहा एकर त्याचे आधीच. बाप गेला की त्याचे सहा एकर दोघांत. भावाला नऊ, बहिणीला तीन!

गोव्यात मात्र पोर्तुगीजांनी १८७० पासून युरोपातला कायदा लावला होता. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, आणि आईबापाच्या निम्म्या मालमत्तेवर लेकरांचा हक्क, त्यात लेकीही आल्या. पण भुलू नका. त्याच कायद्यात कारभार नवऱ्याकडे होता. युरोपातलं सगळंच बाईच्या बाजूचं नव्हतं.

तेव्हा आपल्या शेजारी असलेल्या आंध्रानं १९८६ ला लेकीला हिस्सेदार केलं, महाराष्ट्रानं १९९४ ला. पण दोन्हीकडे आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. म्हणजे एकाच घरात धाकटीला वाटा, थोरलीला नाही. ही अट ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं गेली. बाप त्या दिवशी हयात नसला तरी लेकीचा हक्क जन्मानंच आहे, असं सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. आता त्या बारा एकरात दोघांना सहा-सहा. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्ट्री होऊन किंवा कोर्टातून झालेली वाटणी मोडत नाही.

तरी उताऱ्यावर भाऊच का? कारण साडीचोळी घेऊन बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. माहेर तुटेल ही भीती खरी आहे, मी तिला हसत नाही. पण जमिनीचं हक्कसोडपत्र रजिस्ट्री ऑफिसात नोंदवावंच लागतं. तिथं अंगठा उठवण्याआधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि त्यात किती एकर लिहिलेत ते विचारा.